विहिरीची भरपगारी रजा

वाघमारेबाईंनी एका विहिरीला भरपगारी रजा मंजूर केली होती. तोंडी नव्हे, लेखी. जावक क्रमांक घालून, गोल शिक्का मारून. आमच्या खात्यात माणसाला रजा मिळणं इतकं अवघड होतं की आमचा एक सहकारी स्वतःच्या साखरपुड्याला जेवणाच्या सुट्टीत जाऊन आला होता आणि तरी साहेबांनी त्याला वीस मिनिटं उशिराबद्दल ज्ञापन दिलं होतं. त्यामुळे विहिरीच्या रजेची बातमी पसरली तेव्हा अख्खा आस्थापना विभाग टेबलं सोडून तो कागद बघायला आला. हेडक्लार्कने तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "पुढच्या जन्मी विहीरच व्हावं म्हणतो."

आमची प्रयोगशाळा पुण्यात होती आणि तपासायची समुद्राकाठचं पाणी. मध्ये अख्खा सह्याद्री. हे कुणाला आणि काय खाऊन सुचलं, ते फायलींतही नाही. किनाऱ्यावरच्या लहान लहान गावांच्या पाणीयोजना म्हणजे तरी काय? वाळूच्या पट्ट्यातली एक विहीर, एक पंप, टेकाडावर एक टाकी आणि हे सगळं सांभाळणारा एक माणूस. त्या माणसाने महिन्याला एक बाटली भरून एसटीच्या पार्सलने स्वारगेटला पाठवायची, आमच्या शिपायाने ती आणायची आणि वाघमारेबाईंनी सांगायचं, की गावाचं पाणी अजून गोड आहे, मचूळ व्हायला लागलंय, की समुद्र विहिरीत येऊन बसलाय.

आम्ही पुणेकर नळ सोडला की खडकवासल्याचं पाणी पिणारे. पाणी खारट होऊ शकतं हे आम्हाला चौपाटीवर भेळ खाताना एकदा कळतं आणि परतीच्या गाडीत आम्ही ते विसरतो.

त्या दिवसांत पुण्यात दोनच गोष्टी माजल्या होत्या, पिवळे एसटीडी बूथ आणि कॉम्प्युटरचे क्लास. एका गल्लीत तर इतके क्लास होते की तिथली कुत्रीसुद्धा आधी पासवर्ड विचारायची म्हणत. त्या लाटेत आमच्याकडेही कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग तो चालवायला मी आलो. कॉम्प्युटरला वेगळी खोली, वेगळा एसी, वर प्लॅस्टिकची झूल. चपला बाहेर काढून आत जायचं. शेजारच्या खोलीत वाघमारेबाईंना एक पंखा होता, तोही फिरण्यापेक्षा विचार जास्त करायचा.

बाई बुटक्या होत्या. खळ घातलेली सुती साडी, गळ्यात दोरीला चष्मा. बोलायच्या इतक्या हळू की समोरचा माणूस आपोआप वाकायचा. साहेबसुद्धा. खात्यात साहेबांना वाकवणाऱ्या त्या एकट्याच. त्यांच्या टेबलामागे त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहिलेली पाटी होती: 'येथे बाटल्या विश्रांती घेत आहेत. आपण घरी घ्यावी.'

बाटल्यांना त्या 'मंडळी' म्हणत. सकाळी आल्या आल्या पर्स ठेवायच्या आधी विचारायच्या, "आली का मंडळी?" मग एकेक बाटली पुसायची आणि खिडकीखालच्या लांब टेबलावर मांडायची. उत्तरेकडची गावं डावीकडे, दक्षिणेकडची उजवीकडे. मधल्या खाड्यांसाठी बरोबर तेवढ्या फटी. अशी सगळी मांडून झाली की ते टेबल टेबल राहायचं नाही, किनारा व्हायचं. दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीतून ऊन यायचं, बाटल्यांतून पलीकडे पडायचं, आणि समोरच्या भिंतीवर चाळीस-पन्नास गावांचं पाणी हलायला लागायचं. पंखा बंद, वारा नाही, बाटल्या गच्च बुचांच्या, आणि भिंतीवर लाटा. मी तर असंही पाहिलंय की भरतीच्या वेळी बाटल्यांतलं पाणी बोटभर वर चढायचं. ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी बसवू नये. मी पट्टी लावून मोजलंय.

आणि भरतीची वेळ बाईंना पुण्यात बसून कळायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती. कोकणातल्या कोळ्यांचा हा हिशोब त्यांना कुठल्याशा पंप ऑपरेटरने पत्रातून शिकवला होता. चहाचा कप हातात घेऊन, डोळे अर्धे मिटून त्या मध्येच म्हणायच्या, "आत्ता पाणी चढतंय बरं." खाली रस्त्यावर पीएमटीची बस भोंगा वाजवत असायची, कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून भांडत असायचं आणि आम्ही सगळे कप थांबवून क्षणभर गप्प. खरोखर काहीतरी चढत असल्यासारखं वाटायचं, पावलांपाशी.

एकदाच त्या स्वतःबद्दल बोलल्या. मी विचारलं होतं, "बाई, इतकी वर्षं पाणीच का?" त्या बूच लावता लावता म्हणाल्या, "माझ्या आजीला गावच्या विहिरीवर घागर लावू देत नव्हते. आमच्या घराने धम्म घेतला त्यानंतर वडील म्हणाले, आता पोरगी शिकेल. शिकले. आता पन्नास गावच्या विहिरी मला नाडी दाखवतात." एवढं बोलून पुढची बाटली उचलली. मला पुढे विचारायचं होतं, पण बाईंच्या गप्प बसण्यालाही शिक्का असायचा.

नवे साहेब आले ते मुंबईहून, थेट टाय बांधून. देश खुला झाला आहे, किनाऱ्यावर हॉटेलं येणार आहेत, पाणी वाढवलं पाहिजे, असं ते दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की शिपाईसुद्धा चहा आणताना म्हणायचा, "साहेब, चहा खुला झालाय." साहेबांचा सिद्धांत सोपा होता. पाणी कमी पडतंय? मोठा पंप लावा.

बाईंनी दुसऱ्या दिवशी घरून कोकमाचं आगळ आणलं. आगळ म्हणजे कोकमाचा मिठात मुरवलेला रस, लालभडक आणि खारट. काचेच्या ग्लासात तळाला चार बोटं आगळ ओतलं आणि वर चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू साधं पाणी सोडलं. खाली लाल, वर स्वच्छ, मध्ये रेघ. वर एक नळी धरली, टोक स्वच्छ पाण्यात.

"हे वरचं गोड पाणी पावसाचं. खालचं समुद्राचं. गोड पाणी हलकं, म्हणून तरंगतं. विहीर म्हणजे ही नळी. ओढा, साहेब. हळू."

साहेबांनी हळू ओढलं. स्वच्छ पाणी आलं.

"आता तुमचा मोठा पंप लावा."

साहेबांनी जोर लावला. तळातून लाल रंगाचं एक टोक उठलं, सुळक्यासारखं वर आलं, नळीत शिरलं आणि साहेब असे दचकले की आगळ टायवर, सदऱ्यावर आणि माझ्या अंदाजाने छतावरही उडालं.

"झाली विहीर खारी," बाई म्हणाल्या. "घाई पंपाला असते, साहेब. विहिरीला नसते." मग रुमाल पुढे केला. "डाग जात नाही. पण आठवणीला बरा."

साहेबांनी तो डाग बाईंना कधीच माफ केला नाही.

आता पोफळवेळ. हे गाव किनाऱ्यावर खाली, उजव्या हाताला, टेबलाच्या टोकाशी बसायचं. तिथला पंप ऑपरेटर तांडेल. त्याची बाटली म्हणजे बाईंच्या लाडाची. लखलखीत धुतलेली, बुचाला मेणाचं सील, कागदावर सुंदर अक्षर, आणि आत पाणी असं की चाखावं. आजूबाजूच्या गावांचं पाणी उन्हाळ्यात मचूळ व्हायचं, पोफळवेळचं कधीच नाही. बाई दर महिन्याला सही करायच्या, 'पिण्यास उत्तम'. तीन वर्षं.

मग पोफळवेळच्या पंचायतीचं आभाराचं पत्र आलं. आपल्या उत्तम अहवालांच्या आधारे गावाच्या विहिरीवर तिप्पट ताकदीचा पंप मंजूर झाला आहे. किनाऱ्यावर तीन हॉटेलं येत आहेत. उद्घाटनास आपण यावं. साहेब खूश. पंप त्यांनीच मंजूर केला होता.

त्याच आठवड्यात मी कॉम्प्युटरवर सगळ्या गावांच्या पाण्यातल्या खारटपणाचे आलेख काढले. प्रिंटरने करकर करत कागदाची लांब पट्टी ओकली. प्रत्येक गावाची रेघ वरखाली होत होती. उन्हाळ्यात चढायची, पावसाळ्यात उतरायची. पोफळवेळची रेघ मात्र सरळ. इस्त्री केल्यासारखी.

बाईंनी त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"ही विहीर आहे की विधानसभेतलं उत्तर?" त्या म्हणाल्या.

"मशीनची चूक असेल."

"मशीनला इतका शहाणपणा नसतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरची विहीर, आणि तिला वैशाख कळत नाही?" चष्मा दोरीवर सोडला. "उद्या जायचं. तुम्ही चला. खारटपणाचं मीटर घ्या."

आम्ही वरंधा घाटाने गेलो. एसटी इतकी जुनी होती की वळणावर ड्रायव्हर तिच्या पाठीवरून हात फिरवून तिला समजवायचा. पोफळवेळच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दुपार टळटळीत. समोरच्या हॉटेलात चहा घेतला. बाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"यात मीठ आहे."

हॉटेलवाला फडका मारत म्हणाला, "साखरेचे पैसे घेतो ओ, मीठ फुकट. नळातूनच येता."

बाईंचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्या उठल्या आणि वाट विचारत विहिरीकडे चालायला लागल्या. पंप चालू होता. त्याच्या पाइपातून त्यांनी स्वतः बाटली भरली आणि मी मीटर घातलं. काटा असा उडाला की मला वाटलं, मीटर फोडून समुद्रात जातोय.

तांडेल धावत आला. पन्नाशीचा, लुंगी, खांद्यावर पंचा. बाईंना पाहून त्याने आधी पंचाने विहिरीचा कठडा पुसला, मग हात जोडले.

"म्याडम, तुमी? कळवायचा तरी. मी नारळ काढून ठेवले असते."

"तांडेल," बाई म्हणाल्या, "मला बाटली कधी भरून पाठवता?"

"पहाटे, म्याडम. पंप लावायच्या आधी. रात्रभर विहीर निजलेली असते. ओहोटी बघून, वरचा वर, अल्लद पोहरा सोडून. फडक्यातून गाळतो सुद्धा."

"आणि दुपारचं? पंप चालू असतानाचं? गाव जे पितं ते?"

तांडेल खरोखरच गोंधळला. चोरी पकडली गेल्यासारखा नाही. पाहुण्याने भलतंच काही मागितल्यासारखा.

"ता कसा पाठवू? वायट आहे ता. म्याडम, पुण्याला आंबे पाठवायचे तर आपण डागी पाठवतो काय?"

पंप धडधडत होता. तीन वर्षं या माणसाने झोप मोडून, चंद्र बघून, बाईंसाठी विहिरीतलं सगळ्यात चांगलं पाणी निवडून काढलं होतं, आणि त्याच्या त्या आदरापायी गावाच्या विहिरीवर तिप्पट पंप येऊ घातला होता.

"बंद करा तो," बाई म्हणाल्या.

तांडेलने पंप बंद केला. मग मला जे आठवतं ते खरं की मी नंतर रचलं, मला सांगता येणार नाही. आवाज थांबला तसं सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं शांत झालं. माडांच्या सावल्या वाळूवर हलत होत्या. बाई समुद्राकडे पाठ करून कठड्यावर बसल्या आणि आत बघत राहिल्या. खाली हिरवट उजेडात पाणी हळूहळू स्वतःला आवरत होतं, थकलेलं माणूस अंथरुणावर पाय पसरतं तसं. एक तास गेला असेल, किंवा तीन. एक बेडूक वर आला, त्याने बाईंकडे पाहिलं आणि अदबीने पुन्हा आत गेला.

मग बाई म्हणाल्या, "पहाटे खरंच गोड असतं?"

"शहाळ्यासारखा, म्याडम. पोरांची शपथ."

"म्हणजे एका रात्रीत वर येतं." त्या माझ्याकडे वळल्या. "कळतंय का? ही मेलेली नाही. दमलीय. झोप मिळाली की गोड पाणी परत तरंगतं. यांनी चुकून मला तीन वर्षं त्याचाच पुरावा पाठवला."

आणि त्या हसल्या. तांडेल घाबरला.

पुण्यात परत आल्यावर त्यांनी दोन कागद लिहिले. पहिल्यात, पोफळवेळचे तीन वर्षांचे आपले अहवाल चुकीचे असून त्यांच्या आधारे मंजूर झालेला पंप बसवू नये. नमुना केव्हा घेतला हे न विचारणं ही आपली चूक, ऑपरेटरची नव्हे.

साहेबांनी दार लावून घेतलं. पण आमच्या इमारतीतल्या भिंती कानांसाठीच बांधलेल्या होत्या.

"बाई, पाच महिन्यांत निवृत्त होताय. या कागदाने तुमच्याविरुद्ध चौकशी लागेल. छत्तीस सह्या खोट्या ठरतील. पंप बसू द्या. विहीर आज ना उद्या खारट होणारच आहे."

"उद्या होणार असेल तर आज का करायची?"

"मी तुमच्या भल्याचं बोलतोय."

"ते ऐकू आलं," बाई म्हणाल्या. "आता गावाच्या भल्याचं बोला."

दुसरा कागद म्हणजे तो रजेचा अर्ज. विहिरीला लिहिता येत नाही म्हणून बाईंनीच तिच्या वतीने केला आणि बाईंनीच मंजूर केला. 'सदर विहीर तीन वर्षे विनारजा सेवेत असल्याने तिला एक दिवसाआड पूर्ण विश्रांती देण्यात यावी. कामाच्या दिवशी जुना लहान पंप थोडा थोडा वेळ चालवावा. उरलेल्या पाण्यासाठी किनाऱ्यापासून आत, माडांच्या बागांमागे दोन उथळ विहिरी खणून आळीपाळीने वापराव्यात. रजेच्या काळात विहिरीचे वेतन, म्हणजे तांडेल यांची हजेरी, कापू नये.' बाईंना असा हुकूम काढायचा काडीचा अधिकार नव्हता. पण कागदावर जावक क्रमांक होता आणि लहान गावात जावक क्रमांकाला माणसं वचकून असतात.

सोपं गेलं नाही. एक दिवसाआड नळ म्हटल्यावर पोफळवेळच्या बायकांनी रिकाम्या कळशा घेऊन पंचायतीला वेढा घातला. सरपंचांनी पुण्याला इतके फोन केले की आमच्या फोनचा काळा रंग उडून तो करडा झाला. नवा पंप ट्रकने येऊन बाजारात उतरलाच होता. बाईंचा पहिला कागद आडवा आल्याने खोका न उघडता तिथेच राहिला, आणि त्याच्यावर बकऱ्या बसायला लागल्या. तांडेल मात्र विहिरीला कुलूप लावून, किल्ली कमरेला अडकवून रजेच्या दिवशी कठड्याशी बसून राहायचा. कोणी ओरडलं तर म्हणायचा, "म्याडमनी लिवून दिलाय. ती निजलीय. वरडू नका."

चौकशी लागली. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशीही ती चालूच होती, म्हणून निरोपसमारंभ नाही, नारळ नाही, भाषण नाही. साडेपाचला त्यांनी टेबलावरची मंडळी एकेक पुसली, जागच्या जागी ठेवली, मला म्हणाल्या, "खिडकी लावून घ्या, ऊन लागतं त्यांना," आणि जिना उतरून गेल्या. निवृत्तिवेतन अडलं होतं. त्या लेकीकडे हिंजवडीला राहायला गेल्या. लेक सॉफ्टवेअरमध्ये. तिथे नुकत्याच उंच उंच इमारती उठत होत्या, इतक्या झपाट्याने की सकाळी चौथ्या मजल्यावरून कामाला गेलेला माणूस संध्याकाळी परतला की स्वतःचं घर सातव्यावर सापडायचं.

पुढच्या वैशाखात पोफळवेळची बाटली आली. या वेळी मेणाचं सील नव्हतं. काच ओशट, बूच घाईत लावलेलं. मी मीटरवर पाणी तपासलं, बाटली पिशवीत घातली आणि थेट हिंजवडीची बस पकडली.

बाई अकराव्या मजल्यावर होत्या. दार उघडल्या उघडल्या त्यांची नजर माझ्याकडे नाही, पिशवीकडे.

"पोफळवेळ," मी म्हटलं.

त्यांनी बाटली घेतली. आकडा विचारला नाही. चष्मा लावून आधी कागद वाचला. मग पुन्हा वाचला, ओठ हलवत. त्यावर तांडेलच्या त्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'दुपारी साडेबारा. पंप तीन तास चालू. पाणी वाईट आहे. क्षमा असावी.'

"किती आलं?" मग त्या म्हणाल्या.

"तुम्ही त्या दिवशी दुपारी भरून घेतलं होतं, त्याच्या निम्मं खारट."

"म्हणजे अजून मचूळच."

"मचूळच."

"छान," बाई म्हणाल्या. असं 'छान' मी बोर्डाच्या परीक्षेत पोरगं पहिलं आलेल्या आईच्या तोंडूनही ऐकलं नाही. "पोस्टकार्ड आहे का तुमच्याकडे? लिहा."

मी लिहून घेतलं.

'श्री. तांडेल यांस. आपलं वाईट पाणी पोचलं. फार बरं वाटलं. उतरतंय. पुढच्या महिन्यातही दुपारचंच पाठवावं.'

सहीसाठी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यांचं पेन हुद्द्याच्या जागेवर क्षणभर थांबलं, मग तिथून खाली सरकलं आणि नुसतं 'वत्सला वाघमारे' लिहिलं.

मी खाली आलो. रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस एकामागे एक अडकून उभ्या होत्या. माझी बसही त्यांतच. खिडकीतून वर पाहिलं तर अकराव्या मजल्याच्या गॅलरीत बाई उभ्या होत्या, एवढ्या लांबून काडेपेटीएवढ्या. पलीकडे पश्चिमेला डोंगरांची रेघ धुरकट झाली होती आणि ऊन तिरपं आलं होतं. त्यांनी बाटली उन्हात धरली होती आणि हळूहळू फिरवत होत्या. बस चार वेळा हलली, चार वेळा थांबली. त्या तशाच होत्या.